गोठ्यातली मोटारसायकल

दसऱ्याला आमच्या गावात गाड्यांची पूजा होते. ट्रॅक्टर, जीप, पोरांच्या मोटारसायकली, सगळ्या धुऊन, हार घालून दारात उभ्या असतात. गावातली एकच गाडी कित्येक वर्षं जागची हलली नव्हती. ती आमची.

किल्लारीच्या बाजूला आमचं गाव. घरामागं पत्र्याचा गोठा आहे, पण त्यात आता जनावर नाही. कडब्याच्या काही पेंढ्या, एक मोडका पलंग आणि सासऱ्यांची मोटारसायकल. सणाला मी नांदेडहून जायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आधी त्या गाडीला हळदकुंकू लावायच्या, झेंडूचा हार घालायच्या, टाकीवर आपट्याची पानं ठेवायच्या आणि मगच जेवायला बसायच्या. हलत नसलेल्या गाडीची पूजा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "देव तरी कुठं हलतोय?"

त्या दसऱ्याला पूजा झाली तरी त्या गोठ्यातून उठेनात. पलंगावर बसून गाडीकडं बघत होत्या. मी जेवायला बोलवायला गेले तेव्हा म्हणाल्या, "औंदा येळवशीला मला शेतात जायाचंय."

येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. लातूरकडं दिवाळीपेक्षा तिचं कौतुक जास्त. थंडी पडलेली असते, ज्वारी छातीला लागलेली असते. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. सगळे आपापल्या शेतात जातात, कडब्याची खोप करतात, तिच्यात पाच दगड मांडून पूजतात, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खातात, आणि ज्वारीच्या पिठाची आंबट-गोड आंबिल आधी पिकावर शिंपडून मग पितात. शेत ज्याचं त्यानं त्या दिवशी शेतात असावं, एवढीच त्यातली गोष्ट.

आमचं शेत गावापासून लांब आहे, कारण भूकंपानंतर गाव उठून इकडं आलं. नवं गाव आखीव आहे, रुंद रस्त्यांचं. शेतं मात्र जुन्या गावाशेजारीच राहिली, शेत काही उचलून आणता येत नाही. त्या वाढलेल्या अंतरासाठी सासऱ्यांनी ही गाडी घेतली होती, तीही जुनी, कुणाची तरी वापरलेली. पुढं दर येळवशीला आत्याबाई तिच्यावर मागं बसून, मांडीवर आंबिलाची बिंदगी, म्हणजे लहान घागर, धरून शेतात जायच्या. सासरे गेले, गाडी गोठ्यात गेली, शेत बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला, दिलं आणि त्यांचं जाणं बंद झालं. त्यांचे गुडघे गेलेत. जुन्या गावापुढं जी पांद आहे, शेतात जायची वाट, ती इतकी अरुंद की जीप शिरत नाही. ट्रॅक्टरवर त्या चढू शकत नाहीत.

"गावात इतक्या मोटारसायकली आहेत," मी म्हणाले, "कुणीही सोडेल तुम्हाला."

"परक्या पोराच्या पाठीला धरून जाऊ व्हय मी शेतात?"

"मग?"

त्यांनी हनुवटीनं गाडी दाखवली. "ही हाय की. तू नीट कर अन् तूच चालव. नांदेडात फिरतीस न्हवं स्कुटीवर?"

"तिला गियर नसतात, आत्याबाई."

"हिला हायेत. शिक." मग म्हणाल्या, "औंदा न्हाई गेले तर मग चौघांच्या खांद्यावरच जायाचं हाय शेतात. त्ये काय, कवाबी नेतील."

हे त्यांनी रडवेल्या आवाजात सांगितलं नाही. बाजारातून मीठ आणायला सांगावं तसं सांगितलं, म्हणून मी मनावर घेतलं. रडल्या असत्या तर समजूत घालून मोकळी झाले असते.

आधी मी सोपा मार्ग धरून बघितला. बाजारच्या गावाहून एक मेकॅनिक बोलावला. त्यानं टायरला लाथ मारली, टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "भंगारात घाला, मावशी." आत्याबाईंनी त्याला चहासुद्धा पाजला नाही. लातूरला एखाद्या गॅरेजात टेम्पोत घालून नेऊ, असं मी सुचवलं. त्यालाही नाही म्हणाल्या. "ग्यारेजात गेलेली गाडी परत येती, पर तीच येत न्हाई. आतलं सामान बदलत्यात." म्हणजे गाडी गोठ्यातच नीट व्हायची आणि माझ्याच हातानं.

मी ब्लाऊज शिवते. नांदेडात माझं छोटं दुकान आहे. यंत्र म्हणून मला एकच ठाऊक, शिलाई मशीन. तिचं तेलपाणी, पट्टा, दाब, सगळं मी स्वतः करते. पण मोटारसायकलच्या पोटात काय असतं याची मला काही कल्पना नव्हती. नवऱ्याला विचारलं. तो कॉलेजात कारकून आहे. म्हणाला, "पेट्रोल असतं." एवढी त्याची मदत.

मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून मला कळलं की काम आपल्याला येणाऱ्या कामासारखंच आहे. जुना ब्लाऊज नमुन्याला आला की मी तो उसवते. उसवलेला प्रत्येक तुकडा चादरीवर ठेवते, त्याच्याभोवती खडू फिरवते आणि कुठला कुठं जोडलेला होता ते तिथंच लिहिते. मग कितीही तुकडे झाले तरी गोंधळ होत नाही. तशीच मी गाडी उसवायला घेतली. गोठ्यात जुनी चादर अंथरली. जो नट निघाला तो चादरीवर, त्याभोवती खडूची रेघ. आत्याबाई पलंगावरून बघायच्या. "आता ह्येची चोळी शिवणार का काय," म्हणायच्या.

शनिवारी दुपारी दुकान बंद करून मी लातूरची बस धरायची, तिथून पुढं दुसरी, शेवटी जीप. रविवार गोठ्यात जायचा, आणि सोमवारी पहाटे उलटा प्रवास. गोदावरी ओलांडताना पुलाखाली नुसतं धुकं असायचं. गाडीचं सामान मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसायची आणि डोळे मिटले की खडूच्या रेघा दिसायच्या, पांढऱ्या, बंद, आत काही नसलेल्या. त्या रेघा नदीवरून तरंगत जायच्या आणि मी त्यांच्यात एकेक वस्तू बसवत राहायची. नांदेड आलं की कंडक्टर हलवून उठवायचा.

पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. त्यातून उन्हाचे कवडसे चादरीवर पडायचे आणि दुपारभर सरकत राहायचे, चेनवरून ब्रेकच्या तारेवर, तारेवरून माझ्या हातावर. कडब्याचा गोडसर वास, त्यात रॉकेलचा वास. बाहेर गावाचा आवाज असायचा, पण लांबचा, विहिरीतून आल्यासारखा. अशा दुपारी हात आपोआप चालत आणि आपण कुठल्या वर्षात बसलोय ते नीट सांगता येत नसे. घटकाभरानं आत्याबाई म्हणायच्या, "च्या घे," आणि वर्ष पुन्हा जागेवर यायचं.

टाकी आतून गंजली होती आणि तळाशी जुनं पेट्रोल काकवीसारखं घट्ट होऊन बसलं होतं. चिंचेच्या कोळात मूठभर बारीक खडी घालून मी ती टाकी मांडीवर घेऊन हलवत बसले. आवाज खुळखुळ्यासारखा यायचा. तांब्याची भांडी चिंचेनं निघतात तर लोखंडाचा गंजही निघावा, हा माझा हिशेब. बराचसा निघाला. हवेच्या डब्यात उंदरांचं घर सापडलं, कापूस, सुतळी आणि ज्वारीच्या टरफलांचं, अगदी नीट विणलेलं. चेन रॉकेलच्या पातेल्यात बुडवून ठेवली. इंजिनात मशीनचं तेल सोडून वाट बघितली आणि एका रविवारी किक दाबली तेव्हा ती खाली गेली. आतलं जाम झालं नव्हतं. मेकॅनिकनं तर भंगारात घाला म्हटलं होतं.

"गेली की खाली," आत्याबाई म्हणाल्या.

"म्हणजे ती अजून आहे."

"म्या कुठं म्हणलं न्हाई म्हणून?"

कार्ब्युरेटर मात्र इथं साफ होईना. पेट्रोल आणि हवा ज्यात मिसळतात ती ही वाटी. आत हिरवट चिकटा बसला होता. मी तो स्टीलच्या डब्यात घालून नांदेडला नेला. घरी आल्यावर पिशवी ठेवून हातपाय धुवायला गेले आणि स्वयंपाकघरातून नवऱ्याची हाक आली. आईनं धपाटे दिले असतील म्हणून त्यानं डबा उघडला होता.

"अगं, हे काय आणलंस?"

"खाऊ नका. उद्या उकळायचंय."

त्यात पितळेची एक बारीक जेट असते. तिला केसाएवढं भोक, तिथून पेट्रोल थेंबाथेंबानं जातं. ते बुजलं होतं. मी मशीनची सुई घेतली आणि घातली. सुई माझ्या हातातली, भोक बारीक, काम नेमकं, असं मला वाटलं. सुई पोलादाची आणि जेट पितळेची, हे लक्षात यायला हवं होतं. भोक मोकळं झालं आणि मोठंही झालं. आता ती जेट नवीच आणावी लागणार होती.

सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदारानं जेट तळहातावर घेऊन उजेडात धरली.

"हा माल आता येत न्हाई हो ताई. लई जुनं मॉडेल हाय. साहेबांना सांगा, दुसरी गाडी बघा म्हणावं."

"कुठले साहेब?"

"जे बनवून राहिले ते."

"मी बनवून राहिले."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग जेटकडं. "सुई घातली का काय हिच्यात?"

"हो."

"मंग बरुबर," तो म्हणाला, आणि आत जाऊन धुळीनं भरलेल्या खोक्यांत शोधू लागला. एक सापडली, पण त्या दिवशी नाही, दोन आठवड्यांनी. तेवढे दिवस वाया गेले. तोवर दिवाळी होऊन गेली होती, ज्वारी पोटऱ्यात आली होती आणि आत्याबाई फोनवर गाडीचं विचारत नव्हत्या. ज्वारी किती वर आली तेवढंच सांगायच्या. तेच त्यांचं विचारणं.

येळवशीच्या आदल्या आठवड्यात मी दुकानाला कुलूप घातलं. लग्नसराईतले ब्लाऊज पडून होते, बायका चिडल्या असणार. नवे टायर-ट्यूब बसवले होते, ब्रेक आवळले होते, तेल बदललं होतं. चादर रिकामी झाली होती, नुसत्या खडूच्या रेघा उरल्या होत्या. गाडी सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात, पेट्रोल, हवा आणि ठिणगी. पेट्रोल येत होतं. हवेच्या डब्यातलं उंदरांचं घर गेलं होतं. ठिणगीसाठी प्लग बाहेर काढून, इंजिनाला टेकवून, गोठ्याचं दार लोटून किक मारली, तर अंधारात निळा ठिपका दिसला. इतका लहान की तो दिसला का वाटला, हे ठरवायला पुन्हा मारावी लागली.

तरी गाडी सुरू होईना. किक मारली की एकदा खोकायची आणि कुणी तोंडावर हात ठेवावा तशी गप्प. पुन्हा मारली की पुन्हा तेच. सोमवार गेला, मंगळवार गेला. माझी पिंढरी सुजली. गावातून जाताना लोक डोकावत होते. "बाई, ढकलून बघा की," एक म्हणे. ढकलूनही बघितली, दोन बायका आणि मी. खोकायची आणि गप्प.

बुधवारी मी गाडीसमोर जमिनीवर बसून राहिले. कवडसे सरकत होते. आत्याबाई पलंगावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या, दाणे ताटात पडत होते, टप, टप. घरात आंबिलासाठी ज्वारी दळून आणलेली होती. बिंदगी घासून उपडी ठेवलेली होती. त्यांनी सगळी तयारी केली होती, कुणाला काही न बोलता. मला तंद्री लागली असावी. तंद्रीत मला माझी मशीन दिसली आणि अडलेला दोरा. मशीन अडली की मी आधी दोरा कुठून येतो ते बघते आणि मग कुठं जातो ते. गाडीत येणारं सगळं मी बघितलं होतं. जाणारं काहीच बघितलं नव्हतं.

मी उठले.

"आत्याबाई, जरा इकडं या. ह्या सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरा. मी किक मारते, हवा लागते का सांगा."

त्या उठल्या नाहीत. शेंग सोलत म्हणाल्या, "कुठून लागंल? म्या लिंपलंय की त्ये."

माझा पाय किकवरच राहिला. "काय लिंपलंय?"

"त्येचं तोंड. तुझे मामंजी गेले अन् गाडी हितं लावली, तवाच. आत बोळा कोंबला अन् वरून शेणमाती. उंदरं शिरली असती की. कणगीचं तोंड कुणी उघडं ठेवतंय का?"

"अहो, मग सांगायचं ना! दसऱ्यापासून मी इथं हाडं मोडून घ्यायलेय!"

"तू कुठं इचारलीस? अन् म्हणलं, धूर निघाय लागला की काढू. चुलीत जाळ न्हाई तवर धुराड्याचं काय काम?"

त्यांच्या हातून आजवर एक दाणा कधी किडला नाही. धान्य भरलं की तोंड लिंपायचं आणि लागेल तेव्हा फोडायचं. गाडीही त्यांनी तशीच साठवली होती. मी वाकून बघितलं. सायलेन्सरच्या तोंडात, जरासं आत, मातीचा थर होता, गंजाच्याच रंगाचा. मी तो कितीदा पुसला होता, गंज समजून.

छत्रीच्या काडीनं मी तो फोडला. खपल्या पडल्या. मागं कापडाचा बोळा होता, घट्ट. पकडीनं ओढला तेव्हा तो हळूहळू बाहेर आला, लांबच लांब. मी झटकला. खणाचं कापड होतं, हिरवं, काठाला लाल. उलटून बघितलं तर बाहीची तुरपाई माझ्या हातची.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी त्यांना शिवून दिलेला ब्लाऊज. अंगावर कधी बघितला नव्हता.

"घट्ट झाला हुता," आत्याबाई म्हणाल्या.

"मग उसवून दिला असता की."

"पर हितं बरुबर बसला," त्या म्हणाल्या आणि त्यांना हसू आलं. पदर तोंडाला लावून हसल्या, ताटातले दाणे हलेपर्यंत. मग मीही.

नळी आतून कोरडी होती. इतके पावसाळे गेले, पण त्या बाजूनं इंजिनात ओल शिरली नव्हती. त्या बोळ्यामुळंच गाडी चालत नव्हती आणि बहुतेक त्या बोळ्यामुळंच ती चालण्यासारखी राहिली होती. उंदीर दुसऱ्या दारानं गेले होते, ते मात्र मी आत्याबाईंना सांगितलं नाही.

मग किक मारली. आधी काहीच नाही. पुन्हा मारली. गाडीनं मातीचे तुकडे भिंतीवर उडवले, काळा धूर सोडला, पत्र्यावरचे होले फडफडत उठले आणि ती सुरू झाली. गोठा थरथरत होता. धुरात कवडसे जाड झाले, दोऱ्या लोंबाव्यात तसे वरून खाली दिसू लागले. मी ॲक्सिलरेटर धरून उभी होते आणि सोडायची भीती वाटत होती.

आत्याबाई कान देऊन ऐकत होत्या. "आवाज जरा बारीक झालाय," त्या म्हणाल्या.

उरलेले दिवस मी गियर शिकले. नव्या गावाचे रुंद रस्ते त्या कामाला बरे आहेत, सरळ आणि मोकळे. गाडी धक्के खायची, बंद पडायची, पोरं टाळ्या वाजवायची. आत्याबाई दारातून ओरडायच्या, "क्लच हळू सोड, क्लच!" त्यांना क्लच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण सासरे शिकले तेव्हा हेच शब्द त्यांनी ऐकले होते.

येळवशीच्या सकाळी धुकं होतं. गावातली माणसं डालगी, टोपल्या घेऊन निघून गेली होती आणि रस्ते ओस पडले होते. आत्याबाईंनी नऊवारी नेसली, मागं एका अंगानं बसल्या, मांडीवर बिंदगी, तिच्या तोंडाला फडकं. एक हात माझ्या खांद्यावर. पहिली किक वाया गेली, दुसरीला गाडी लागली. मी पहिल्या गियरमधून दुसऱ्यात गेले आणि तिसऱ्याचं नाव काढलं नाही.

धुक्यात पुढचं काहीच दिसत नव्हतं, फक्त दोन्ही बाजूंना ज्वारीची कणसं, ओली, वाकलेली. इंजिनाचा आवाज सोडला तर जगात दुसरं काही नव्हतं. जुनं गाव जवळ आलं तसा रस्ता संपला. तिथं आता बाभळीचं रान आहे, मधे मधे जोत्यांचे दगड आणि एक लिंब. लोक कडेकडेनं पांदीला लागतात. मीही तशीच वळणार, तोच खांद्यावरचा हात दाबला गेला.

"हितनं आत घे. डावीकडं."

"तिकडं रस्ता नाही, आत्याबाई."

"हाय. घे."

चालू गाडीवर वाद घालू नये. घेतली. दगडांमधून खरंच एक पट्टी होती, गवताची, गाडी जाईल एवढी.

"आता सरळ. ह्यो पाण्याचा आड. आता किराण्याचं दुकान येतंय, त्येला वळसा घाल."

समोर नुसतं गवत होतं. मी त्याला वळसा घातला.

"ह्या अंगाला वाडगं. म्हशी असत्यात, बाजूनं घे." मी बाजूनं घेतली. "हितं हळू. पोरं खेळत असत्यात."

मी हळू घेतली. ब्रेकवर पाय ठेवून, धुक्यात, दगडांमधून, बाभळीमधून. माझं लग्न गाव उठल्यानंतरचं. हे गाव मी कधी पाहिलेलं नाही. भूकंपाच्या त्या रात्रीबद्दल आत्याबाईंनी मला कधी काही सांगितलं नाही आणि तेव्हाही सांगितलं नाही. त्या फक्त वळणं सांगत होत्या आणि मी वळत होते. एक बोळ, मग दुसरा. एकदा म्हणाल्या, "डोकं खाली कर, कमान हाय," आणि मी डोकं खाली केलं. धुक्यात ओल्या शेणमातीचा वास येतोय असं मला वाटलं. तो माझ्या हाताचा असेल, सायलेन्सरचा.

मग बाभळी संपल्या आणि पांद लागली. चाकोऱ्यांतून गाडी हेलकावे खात गेली, बिंदगी एकदा कलंडली, आंबिलाचे शिंतोडे माझ्या पाठीवर आले. "जाऊ दे, तुझ्यावर बी शिंपडली," आत्याबाई म्हणाल्या. धुकं विरत होतं. आमच्या बांधावर मी थांबले.

बटईदाराच्या घरच्यांनी खोप करून ठेवली होती. आत पाच दगड, चुना फासलेले. त्या घरच्या बायका धावत आल्या, आत्याबाईंना उतरवलं, एकीनं बिंदगी घेऊ म्हटलं. आत्याबाईंनी दिली नाही. काठी एका हातात, बिंदगी कमरेवर, त्या बांधावरून एकट्याच चालायला लागल्या. पाच-सहा पावलं गेल्या की थांबायच्या, काठी काखेत धरून लिंबाचा डहाळा आंबिलात बुडवून ज्वारीवर उडवायच्या, पुन्हा पुढं.

मी गाडी बंद केली नव्हती. बंद केली आणि परत लागलीच नाही तर त्यांना न्यायचं कसं? पेट्रोल जळत होतं, पण मी एक पाय जमिनीवर टेकवून, ॲक्सिलरेटर धरून तशीच बसले होते. बायका हसत होत्या.

अर्ध्या बांधावरून आत्याबाई वळल्या. "बंद कर की त्ये!" ओरडल्या. "आता कुठं जायाचं हाय?"

मी किल्ली फिरवली.

आवाज गेला आणि मागं किती काय होतं ते ऐकू आलं. ज्वारीची पानं एकमेकांवर घासत होती. कुठंतरी लांबच्या शेतात कुणी येळवशीची आरोळी दिली, अर्धी कानडी, अर्धी मराठी. दुसऱ्या शेतातून उत्तर आलं. आमच्या बांधावरून एक बारीक, चिरका आवाज त्यात मिसळला. तो आत्याबाईंचा होता. त्यांना आरोळी देताना मी आयुष्यात प्रथम ऐकत होते, आणि त्या वेळी मला वाटलं, गाडी आता पुन्हा लागली नाही तरी चालेल.

भज्जी खाऊन मी खोपीत आडवी झाले आणि झोपले. दुपारभर कडब्यातून ऊन झिरपत होतं. जागी झाले तेव्हा आत्याबाई रिकामी बिंदगी मांडीवर घेऊन खोपीच्या तोंडाशी बसल्या होत्या, शेताकडं तोंड करून.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "ऊन उतरलं."

त्या मागं बसल्या. मी किक मारली. गाडी खोकली, मी पुन्हा मारली आणि ती लागली. पांदीच्या तोंडाशी आल्यावर मी कडेच्या वाटेला वळणार, तोच खांद्यावर हात दाबला गेला.

"आल्या वाटेनंच घे," आत्याबाई म्हणाल्या. "अन् दुकानाला वळसा घाल."